काळ्या मुळीचा काढा
परदेशातल्या आमच्या ब्रॉसार्ड गावातील चिनी जडीबुटीच्या दुकानापाशी वाळलेल्या मुळ्यांचा मातकट दर्प आला की मला एक हिवाळी सकाळ आठवते. नातवाच्या मुंजीपूर्वी केस काळे व्हावेत म्हणून माझी पत्नी त्याच दुकानातील एका मुळीचा काढा घेत असे. दुकानदाराने दिवसाला एक पेला सांगितला होता; मुंज जवळ येऊ लागली तशी ती डोळे मिटून, तीर्थ घ्यावे तसा, वरचेवर घेऊ लागली. त्या सकाळी पूजेत, निरांजनाच्या प्रकाशात, मला तिचे डोळे पिवळे दिसले. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, कोणती औषधे चालू आहेत? "एकही नाही," ती अभिमानाने म्हणाली. सून चमकली. "आई, तो काळा काढा सांगा ना! डेली घेता तुम्ही." "अगं, ते औषध कुठे? झाडाची मुळी ती!" डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. त्या काढ्यानेच यकृताला सूज आली होती. काढा बंद झाला आणि ईश्वरकृपेने ती हळूहळू सावरली. मुंजीत नातवाला भिक्षा घातली ती पांढऱ्या केसांनीच. आता डॉक्टरांनी औषधे विचारली की ती तुळशीच्या पानापासून सांगू लागते. आणि निरांजन लावल्यावर माझी दृष्टी अजूनही देवाच्या आधी तिच्या डोळ्यांकडे जाते.