पाळण्याची कडी

घोडपदेवच्या आमच्या खोलीत तुळईला एक लोखंडी कडी होती. ताईचा आणि माझा पाळणा तिलाच टांगलेला. पुढे चाळीतली अर्धी पोरं तिच्यावरच झुलली. आई दर गणपतीआधी तिला चंदेरी ऑइलपेंट फासायची. जुन्या रंगावर नवा, खरवडण्याची भानगडच नाही.

माझ्या मुलीचं बारसं ठरलं, तेव्हा पाळणा तिथेच टांगायचा हे आईने जाहीर करून टाकलं. बाबा जुने गिरणीतले फिटर. आदल्या दिवशी सकाळी ते स्टुलावर चढले, पान्याने कडीवर टकटक केली आणि म्हणाले, "बद्द वाजतंय. धड असती तर खणखणली असती."

"शुभकार्यात कसली ही अवलक्षणं?" आई कडाडली. मीही तिचीच री ओढली. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते, असं बाबांना तोंडावर बोललो. ते बोलणं मला आजही खुपतं.

बाबांनी वाद घातला नाही. घरातल्या होत्या नव्हत्या त्या गाद्या खाली रचल्या आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस दोन्ही हातांनी कडीला लटकला.

"अहो, पडशात! वय काय, करतास काय!" आई ओरडतेय तोवर कडी तुटली आणि बाबा गाद्यांवर आदळले.

उठून बसल्यावर त्यांनी मला तुकडा दाखवला. तुटलेली बाजू जवळजवळ सगळी काळी होती, कडेला चण्याच्या डाळीएवढा भाग तेवढा चकचकीत.

"काळं ते कधीचंच तुटलेलं. सगळा भार एवढ्याशावर होता," ते म्हणाले. "नुसतं वजन असतं तर हिने पेललं असतं. पण बंदरावरची खारी हवा चिरेत शिरते आणि पाळण्याचा प्रत्येक हेलकावा ती चीर वाढवतो. दोघं मिळून लोखंड खातात. वरून तुझी आई पावडर लावते."

मी तो तुकडा हातात घेतला. उद्या तिथे माझी लेक असती. मग बाबांना मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडलो.

"खांदा दुखतोय रे, हळू," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी दुखऱ्या खांद्यानेच स्टीलची नवी कडी बसवली. दुसऱ्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमल्या. आत्या म्हणून ताई बाळाला उचलणार, तेवढ्यात आईने तिला थांबवलं आणि बाबांच्या हातात पाना दिला.