डब्यातलं ओज

नळी पुन्हा विटकरी झाली.

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. लघवीतली साखर तेव्हा अशीच तपासायचो. निळ्या द्रावणात थोडे थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर नसेल तर निळं निळंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी. फारच असेल तर विटकरी. ते रंग बदलताना बघत बसायची मला खोडच होती. भान राहायचं नाही. कामं तुंबायची आणि बोलणी खायला लागायची.

त्या दिवशी मात्र रंग बघून जीव धसकला. नळी पाटणच्या गुरुजींची होती. मराठीचे निवृत्त शिक्षक. पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना. साखर उतरली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"चोरून गोड खातायत हे!" डॉक्टर गुरुजींच्या पत्नीवर, काकूंवर, चिडले.

"आवं, च्यात चिमूटभर साखर न्हाई, गूळ न्हाई. दुधातनं ताकदीची पावडर तेवढी देती. पोरानं मिल्ट्रीच्या कँटीनातनं धाडलीया."

डबा काकूंच्या पिशवीतच होता. मी तो घेऊन मागची बारीक अक्षरं वाचायला लागले, तर गुरुजी हसले.

"मी वाचलंय, बाई. शुगर कुठंच नाही. सुक्रोज, ग्लुकोज, माल्टोज. प्रत्येकात ओज आहे. ओज म्हणजे तेज, बळ. ओज, प्रसाद, माधुर्य, हे काव्याचे गुण जन्मभर व्याकरणाच्या तासाला शिकवलेत मी."

मला हसावं की रडावं कळेना. "गुरुजी, ही सगळी साखरेचीच नावं! आणि जे जास्त घातलंय ते यादीत आधी लिहितात. इथं पहिलंच सुक्रोज आहे."

"छे, पटत नाही."

मग मी पावडर पाण्यात कालवली, निळ्या द्रावणात टाकली आणि नळी ज्योतीवर धरली. आम्ही तिघं नळीवर नजर लावून उभे. निळ्यातून हिरवं उमललं, हिरव्यातून हळूहळू नारिंगी. काय सुंदर दिसत होतं ते! बघता बघता विटकरी झालं.

"अगं बया! माज्याच हातानं पाजलं की वं मी!" काकूंनी कपाळाला हात लावला.

"तू नाही गं. वाचून मीच सांगितलं होतं," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, हे ओज नव्हतं. माधुर्य होतं."

डबा बंद झाला आणि औषध लागू पडायला लागलं. अंगठा गेला, पाय राहिला.

तेव्हापासून मी येईल त्याला बजावते, डब्यावरच्या नावांचा अर्थ व्याकरणातून लावू नका.