बुरशीवाल्या बाई
मंडईतून आणलेलं अळिंबीचं पाकीट फोडलं, की तो ओलसर, मातकट वास येतो आणि मला विद्यापीठातल्या आमच्या जीवशास्त्र विभागातल्या एक बाई आठवतात. बुरशीवर त्या तीस वर्षं काम करत होत्या. पाहणी समिती यायची होती, आणि विभागाच्या संशोधनातल्या जमेच्या बाजूंची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नवीन प्राध्यापक होतो. "बाईंचं हल्ली काही छापून येत नाही, वगळा," विभागप्रमुख म्हणाले आणि मी एका शब्दानं वाद न घालता त्यांचं नाव यादीतून काढलं. समितीच्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून, काचेच्या प्लेटांमध्ये केशरी, हिरवट बुरशी मांडून प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. "अहो, माझ्याकडे किती वाजता येणार?" त्यांनी विचारलं. "येतीलच," मी म्हणालो. समिती यादीतल्या प्रयोगशाळा पाहून परस्पर जिना उतरून गेली. संध्याकाळी बाई प्लेटा आवरत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "वेळ पुरला नसेल त्यांना. तुमची मात्र फार धावपळ झाली, चहा घ्या." मी तो चहा प्यायलो. बाई आता निवृत्त झाल्यात, भेटल्या की आपुलकीनं चौकशी करतात, आणि ती यादी मी केली होती, हे मला अजून सांगता आलेलं नाही.