भिंगरी घंटा वाजवत नाही

घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती लहानपणापासून एका जागी बसलीच नाही. जेवता जेवता उठायची, झोपेत फिरायची, शाळेत बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत राहायची. नोकरी लागली तीही गरगर फिरणाऱ्या यंत्रांची. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाई. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. कुणी म्हणेल, कपडे धुते, त्यात काय एवढं? म्हणू दे. साथ आली तेव्हा तळघरात उतरायला किती जण तयार होते, ते विचारा त्यांना. निम्म्यांच्या पोटात दुखायला लागलं. भिंगरी रोज गेली. या घरातली माणसं अशीच आहेत, कुणाला पटो न पटो.

चादर घडी करायला दोघी लागतात. एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा भिडवायचा, परत मागं सरायचं. साथीत ते बंद झालं. भिंगरीनं भिंतीतल्या खुंटीला दोन टोकं अडकवली आणि खुंटीकडे चालत जायला लागली. चहूकडे वाफ. वाफेत तिला जागेपणी स्वप्नं पडायची. समोरून कुणीतरी चादरीचं टोक धरून येतंय असं वाटायचं, आणि जवळ गेलं की नुसती खुंटी.

त्यातच मावशीचा फोन आला. आई मावशीपाशी राहायची, लांब डोंगरात, नदीपलीकडे. त्या गावाला रस्ता नाही की फोनला रेंज नाही. फोन करायचा तर मावशी धापा टाकत वरच्या कड्यावर चढायची. साथ तिथं अजून पोचली नव्हती.

"भिंगरे, ताई माणसं विसरत चाललीय गं," मावशी म्हणाली. "आधी शेजारीपाजारी डोक्यातून गेले. मग तुझे बाबा. काल मलाच विचारलं, तुम्ही कुणाकडच्या?"

"आणि मी?"

"तू आहेस अजून. कधी असतेस, कधी नसतेस. यायचं तर आत्ता ये बाई."

आईच्या डोक्यातून आपण पुसले जायच्या आत आईला भेटायचं, एवढं एकच भिंगरीच्या मनात राहिलं. तपासणी करून घेतली, ती चांगली आली. तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही धुलाईतल्या. सांगते तेवढे दिवस कुणाच्या जवळ जायचं नाही. तिथं म्हातारी माणसं असतील." भिंगरीनं मान हलवली. तिनं मान हलवली म्हणजे पक्कं.

तसल्या रस्त्याला गाडी घालायची छाती असलेला माणूस एकच, तिचा थोरला भाऊ. दरीच्या काठावरून तो टेम्पो असा नेतो की बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. पण भिंगरी पुढं त्याच्या शेजारी बसेना. मागं, उघड्या फळीवर, तोंडाला फडकं बांधून बसली.

"मी काय परका आहे का गं?" थोरला ओरडला.

"तू घरी जाऊन वहिनीशेजारी बसणार ना? मग गाडी चालव गुपचूप."

वाटेत तिनं कुठं पाणी मागितलं नाही की कुणाच्या ओसरीवर टेकली नाही. सगळं खाणंपिणं बरोबर घेतलं होतं. गावं आली की ती फळीवर आडवी व्हायची आणि आभाळ बघायची. ढग चादरींसारखे वाळत घातलेले. पडल्या पडल्या तिला वाटायचं की आपण जागच्या जागीच आहोत आणि खालून रस्ताच कुणीतरी ओढून घेतंय.

रस्ता नदीपाशी संपतो. पुढं तारेवरचा पाळणा. या काठापासून त्या काठापर्यंत जाड तार, तिला चाकांवर टांगलेला लोखंडी पाळणा, एका वेळी एकच माणूस. सोडला की तो स्वतःच्या वजनानं घरंगळत मध्यापर्यंत येतो, कारण तार मध्ये झोळ खाते. पुढं ज्या काठाला जायचं तिथल्या माणसानं चाक फिरवून ओढायचा. दोन्ही काठांना एकेक घंटा, एक पाळण्यातही. आणि तिथला कायदा एकच. घंटा वाजली की ओढायचं. कोण आहे, कशाला आलाय, विचारायचं नाही. पलीकडे चाकावर पाळणेकाका बसायचे. त्यांच्या सख्ख्या भावाशी त्यांचं बोलणं तुटलेलं, पण भावानं घंटा वाजवली की तोंड फिरवून का होईना, चाक फिरवायचे. अलीकडचा चाकवाला साथीमुळं घरी गेला होता.

पाळणेकाकांनी भिंगरीला बघितलं आणि पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावलं. "आलीस का गं पोरी! वाजव घंटा!"

"नाही वाजवत, काका!"

"का गं?"

"वाजवली तर तुम्ही ओढाल!"

काकांना काही कळेना. ओढाल म्हणजे काय, ओढणारच की. भिंगरीनं मात्र ओळखलं होतं की ही माणसं कुणाला नाही म्हणायची नाहीत. त्यांना जमतच नाही ते. म्हणजे नाही म्हणायचं काम आपल्यालाच करावं लागणार. तिनं खिशातला रुमाल काढला आणि घंटेच्या लोलकाला घट्ट बांधला, वाऱ्यानंसुद्धा वाजायला नको म्हणून. मग उतारूंच्या खोपटात वळकटी टाकली. थोरल्यानं हॉर्न वाजवून निरोप घेतला. परत जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, माझी बहीण बघा, अशी बहीण असायला नशीब लागतं.

नदीकाठचे दिवस एकमेकांत विरघळायला लागले. सकाळी धुकं एवढं यायचं की पलीकडचा काठ नाहीसा व्हायचा आणि तार नुसतीच पांढऱ्यात शिरलेली दिसायची. दुपारी काठ परत यायचा. जन्मभर जी एका जागी बसली नाही ती भिंगरी दगडावर बसून राहायची. एकदा तर तिच्या पायाशी पक्षी येऊन दाणे टिपून गेला. मावशी पाळण्यातून भाकरीचं गाठोडं पाठवायची. भिंगरी चाक फिरवून पाळणा काठाशी आणायची आणि गाठोडं लांब काठीनं ओढून घ्यायची, पाळण्याला हात लावायची नाही.

मग एके दुपारी पाळण्यातली घंटा वाजली.

भिंगरीनं वर बघितलं. पाळणेकाका जेवायला गेलेले, मावशीचा डोळा लागलेला, आणि आई एकटी चालत येऊन पाळण्यात बसली होती. खुंटी काढून तिनं पाळणा सोडला तो मधोमध येऊन थांबला. खाली नदी धडधडतेय, वर आई मांडी घालून बसलीय आणि घंटा बडवतेय.

"भिंगरे! अगं भिंगरेच ना तू? ओढ की!"

ओळखलं! भिंगरी चाकापाशी धावली. चाक हाताशी होतं. थोडं फिरवलं असतं की आई मिठीत. चाकाचा दांडा तिनं धरलासुद्धा. मग सोडला.

"आई, नाही ओढता यायचं! साथ आलीय!"

"कुणाची साथ? मी एकटीच आलेय!"

"आजार आहे आई, आजार! माझ्या अंगात असला तर?"

"तुला पडसं झालं तरी मी उशाशी बसायची, मेले! घंटा वाजवतेय ना मी? ओढ!"

त्या तारेवर घंटा वाजून कुणी ओढलं नाही असं कधी झालं नव्हतं. भिंगरीनं थाळी घेतली आणि दगडावर बडवायला लागली, पलीकडे कुणाला तरी ऐकू जावं म्हणून. एकीकडं थाळी, एकीकडं आईशी बोलणं. "आई, हलू नकोस. आई, दादा टेम्पोचा हॉर्न कसा वाजवतो सांगू?" पाळणेकाका आचवायचं विसरून धावत आले आणि त्यांनी आईला माघारी ओढून घेतलं. आई लहान लहान होत गेली, शिव्या देत. शिव्या मात्र लांबपर्यंत ऐकू येत होत्या.

त्यानंतर दोन सकाळी गेल्या असतील. भिंगरी तोंड धुवायला बसली आणि साबण नाकाशी नेला. वासच नाही. तिनं साबण घासला, चुरला, अगदी जिभेला लावला. अर्धं आयुष्य जिचं साबणाच्या वासात गेलं तिला साबण नुसता निसरडा दगड लागला. अंगात थोडी कणकण होती. बस, एवढंच. ती खोपटाच्या दारात बसून राहिली. तिला समजलं, साथ आपल्या अंगातच होती. आणि चाकाचा दांडा आपण हातानं सोडला होता, तेही आठवलं.

संध्याकाळी ती पलीकडे ओरडली, "काका, माझे दिवस आजपासून परत पहिल्यापासून! गाठोडं बांधून पाठवलेलं फडकं परत घेऊ नका!"

"पोरी, ताई तुला विसरेल की गं तोवर!"

"माहितेय मला!"

एवढंच बोलली. आणि खोपटात जाऊन पडली.

आईला मात्र पाळण्याचा नाद लागला. ऐकेचना. शेवटी काका तिला शालीनं पाळण्याच्या कठड्याला बांधून हळूच मध्यापर्यंत सोडायचे आणि चाकापाशी बसून राहायचे. हाक मारली तर ऐकू यावी, हात केला तर पोचू नये, एवढ्या अंतरावर आई लटकायची. भिंगरी इकडं दगडावर. तापाच्या गुंगीत तिला कधी वाटायचं, दोघी मिळून एक मोठी पांढरी चादर धरून उभ्या आहोत, धुक्याची, आणि घडी करायला कुणीच पुढं येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला आईनं विचारलं, "बाई, तुम्ही इथंच असता का?"

भिंगरीनं तोंडावरचं फडकं वर ओढून घेतलं. मग म्हणाली, "हो. सध्या इथंच."

"माझी मुलगी यायचीय. लवकर ओढा हं तिला. एका जागी बसायची सवय नाही कार्टीला, पाळण्यातून उडी टाकेल."

"नाही टाकणार. बसायला शिकलीय ती."

"तुम्हाला काय माहीत? आई मी आहे का तुम्ही?"

पलीकडे पाळणेकाका खो खो हसले, आणि मग हसू थांबवून पाठ वळवून उभे राहिले.

साबणाचा वास परत आला. कणकण केव्हाच गेली होती. दिवस भरले, वर आणखी चार तिनं स्वतःच्या मनानं घातले. वळकटी उन्हात टाकली, कपडे उकळले, खोपटं झाडून काढलं. एका स्वच्छ सकाळी घंटेचा रुमाल सोडला आणि घंटा अशी वाजवली की डोंगरातनं उलटून आली. काकांनी सोडलेला रिकामा पाळणा तिनं ओढून घेतला, आत बसली, आणि नदीच्या मधोमध तो थबकला तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलं. पाणी वर येतंय आणि आपण पाण्यात उगवतोय असं वाटलं. मग पलीकडचं चाक फिरायला लागलं.

आई अंगणात बसली होती. मावशी पुढं होऊन म्हणाली, "ताई, ओळख बघू कोण आलंय."

आईनं डोळे बारीक केले.

"न ओळखायला काय झालं! ही पाळण्यावरची. मला लटकत ठेवणारी!" आणि भिंगरीच्या दंडावर एक सणसणीत चापट बसली. "लाज नाही वाटली? एवढी घंटा वाजवली मी!"

मावशी भिंगरीच्या कानाशी आली. "मलासुद्धा विसरते गं रोज. पण सकाळी उठली की म्हणते, पाळण्यावरच्या बाईकडं जायचंय. तुझं तेवढं विसरत नाही."

भिंगरीनं दंड चोळला. फडकं काढलं आणि आईसमोर खाली बसली. आईनं तिचं मनगट धरलं, पळून जाईल म्हणून धरावं तसं.

"एवढ्या लांब आलीस," आई म्हणाली, "तुझी आई काळजी करत असेल. तिला कळवलंस का?"

"कळवते."

"कळवते काय, आत्ता कळव. आयांचा जीव टांगणीला लागतो."

"पोचले गं आई," भिंगरी म्हणाली. "उशीर झाला, पण पोचले."

"हां, असं सांग," आई म्हणाली, आणि मनगट न सोडता थोडी सरकून तिनं आपल्या शेजारची जागा मोकळी करून दिली.