येळवशीचा मोकळा रस्ता

व्यंकटराव एसटीत ड्रायव्हर होते. नांदेड-लातूर ही त्यांची नेहमीची गाडी. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी त्या एका रस्त्यावर काढली. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं. पुण्याला असलेल्या मुलानं, मुकुलनं, लगोलग सायकल घेऊन दिली. पण ती कितीतरी दिवस अंगणात जिन्याखाली उभीच होती. नांदेडच्या त्यांच्या गल्लीतले लोक जाता-येता टोमणा मारायचे, की एवढा मोठा डबा लातूरला नेऊन आणणारा माणूस दोन चाकांना कसा काय भितो?

व्यंकटराव नुसते हसायचे. त्यांचं भय गल्लीला कळण्यासारखं नव्हतं. ड्रायव्हरच्या जागेवरून सायकल कशी दिसते, ते त्यांना ठाऊक होतं. सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही असं नसतं. दिसतो, पण समोरचा ट्रक, मागचा हॉर्न आणि गाडीला झालेला उशीर हे सगळं दिसून झाल्यावर दिसतो. तेवढ्या वेळात गाडी त्याच्या कोपरापाशी पोचलेली असते. आपण स्वतः किती जणांच्या कोपराजवळून गेलो असू, हा विचार मनात आला की सायकलच्या सीटवर ठेवलेला हात ते काढून घ्यायचे.

शेवटी त्यांनी तोड काढली. जिथं गाडीच येत नाही, असे रस्ते हुडकायचे. मोठा रस्ता सरळ करताना सोडून दिलेलं एक जुनं वळण त्यांना सापडलं. डांबर फुटलेलं, दोन्ही बाजूंनी येड्या बाभळी, पण चिटपाखरू नाही. त्याच्या टोकाला मोठा रस्ता ओलांडला की कालव्याची वाट लागायची. कालव्याच्या भरावावरचा हा मुरमाचा रस्ता शिवाराशिवारांतून थेट लोह्याकडे गेलेला. दसऱ्यानंतर चिखल वाळला तसे ते रोज पहाटे तिकडे जाऊ लागले. आठवड्यात एखादा दूधवाला भेटला तर भेटला.

त्यांचं पाहून गोदावरीबाईंना हुरूप आला. लहानपणी माहेरी भावाच्या सायकलवर त्या दांडीखालून पाय घालून कैची मारत साऱ्या गावभर फिरायच्या. लग्न झालं आणि ते सुटलं ते सुटलंच. आता सुना-नातवंडं झाल्यावर त्यांनी एक दिवस पंजाबी ड्रेस घातला आणि मला कॉलेजच्या मैदानावर घेऊन चला म्हणाल्या. तोल अजून अंगात होता. महिन्याभरात त्या मैदानाला फेऱ्या घालू लागल्या, तेव्हा व्यंकटरावांनी त्यांनाही एक जुनी सायकल घेऊन दिली. एकच खोट राहिली. चढायला आणि उतरायला त्यांना कट्टा लागायचा. मैदानाच्या पायऱ्यांपाशी सायकल आणायची, पायरीवर पाय टेकवायचा आणि मग उतरायचं. सपाट जमिनीवर पाय टेकायचा म्हटलं की त्यांचा जीव दडपायचा. पायऱ्या होत्याच, म्हणून व्यंकटरावांनीही ते कधी मनावर घेतलं नाही.

मार्गशीर्ष लागला तशी गोदावरीबाईंनी गोष्ट काढली. यंदा येळवशीला माहेरी जायचं, आणि सायकलवर जायचं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी घराला कुलूप लावून माणसं शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात आणि भज्जी, उंडे, आंबील असं जेवण शेतातच होतं. गोदावरीबाईंचा भाऊ ग्यानोबा याचं शेत लोह्याच्या अलीकडे कालव्याला लागूनच होतं.

व्यंकटरावांनी बराच विचार केला आणि त्यांना हा दिवस सगळ्यात बरा वाटला. नोकरीत असताना दर येळवशीला ते गाडीवरच असायचे. त्या दिवशी मोठा रस्ता कसा ओस पडतो, अहमदपूरच्या स्टँडवर कसा कावळासुद्धा दिसत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. एरवी मोठा रस्ता ओलांडायची धास्ती, त्या दिवशी तीही नाही. त्यांनी होकार दिला, पण अट घातली. मुकुल फोनवर आधीच चिडला होता, म्हणून ती अट त्याच्या कानावरही घातली. वाटेत गोदावरी एकदा जरी पडली, तर सायकल त्या दिवसापासून बंद. गोदावरीबाईंनी मान हलवली. त्या रात्री त्यांनी हिरवं लुगडं घडी करून पिशवीत भरलं. शेतात पोचलं की नेसायचं.

सकाळी थंडी मी म्हणत होती. गोदावरीबाई पुढं आणि व्यंकटराव मागं, कारण धोका मागून येतो ही त्यांची जन्माची समजूत. मोठ्या रस्त्याशी आले तेव्हा खरंच दोन्हीकडं एकही गाडी नव्हती. व्यंकटरावांनी तरी दोघांच्या सायकली हातात धरून, थांबून थांबून रस्ता ओलांडला. पलीकडच्या दगडावरून गोदावरीबाई पुन्हा सायकलवर चढल्या. कालव्याची वाट लागली तसं व्यंकटरावांचं छातीतलं ओझं उतरलं. आता काही भ्यायचं कारण नव्हतं.

कालव्याला पाणी सोडलं होतं. काठोकाठ भरलेलं पाणी डाव्या हाताला गुपचूप पळत होतं. उजवीकडं खोल उतार आणि खाली तुरीचं रान.

थोडं अंतर गेलं असेल नसेल, मागून मोटारसायकल आली. नवरा, बायको, दोन पोरं आणि मांडीवर पातेलं. ती गेली तर तिच्या मागं दुसरी. मग एक जीप, टपावर घोंगडी आणि आत माणसं कोंबलेली. व्यंकटरावांना आधी नवल वाटलं, मग घाम फुटला. मोठा रस्ता ओस पडतो, तेव्हा ती सगळी माणसं जातात कुठं, हे त्यांनी उभ्या जन्मात स्वतःला विचारलं नव्हतं. ती माणसं शेतात जात होती, आणि शेताला जायचा रस्ता हाच होता. गोदावरीबाईंच्या लहानपणी कालवा नव्हता. येळवशीच्या गाड्या गावच्या गाडीवाटेनं जायच्या, म्हणून त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

जीपच्या धुरळ्यात गोदावरीबाईंची सायकल जरा डगमगली आणि पुन्हा सरळ झाली. व्यंकटराव मागून ओरडून सांगत राहिले की कडेला घे, हळू घे. थांब म्हणायची सोय नव्हती. थांबायचं तर कट्टा हवा.

मग समोरच्या वळणावरून ट्रॅक्टर आला. मागं ट्रॉली बायापोरांनी खच्चून भरलेली, उसाची दांडकी बाहेर निघालेली. ट्रॅक्टरनं अख्खा रस्ता व्यापला होता. चालवणाऱ्यानं सायकल पाहिली आणि वेग कमी केला, पण मागून जीप चिकटलेली, त्याला थांबताही येईना. डावीकडं पाणी आणि चाक यांच्यामध्ये हातभर जागा उरली होती.

व्यंकटरावांच्या डोळ्यांसमोर त्यांचीच बस आली. वरून ती जागा केवढी दिसते आणि खाली ती केवढी असते, हे त्यांच्याइतकं त्या रस्त्यावर कुणालाच माहीत नव्हतं. गोदावरीबाई ब्रेक दाबत होत्या, सायकल मंदावत होती, आणि मंदावली की पुढच्या क्षणी ती एका बाजूला कलणार होती. डाव्या बाजूला.

पण गोदावरीबाई ट्रॅक्टरकडं बघतच नव्हत्या. त्या पाण्याच्या कडेला बघत होत्या. शेतकऱ्याच्या लेकीला शेतात पाणी नेणारी चारी ओळखू येते, आणि जिथं चारी फुटते तिथं दार असतं, दाराला सिमेंटचा कट्टा असतो. तो पुढंच होता. त्यांनी सायकल जवळजवळ पाण्यावर नेली. व्यंकटरावांनी डोळे मिटले.

तोवर गोदावरीबाईंचा पाय कट्ट्यावर टेकला होता. ट्रॉली त्यांच्या कोपराला घासून चालली होती. ट्रॉलीतल्या एका म्हातारीनं हात लांबवून त्यांचा खांदा घट्ट धरला होता आणि गाडी सरकेल तसा तो खांदा मागच्या बाईनं, मग तिच्या मागच्या बाईनं धरला. अख्खी ट्रॉली अशी हातोहात त्यांना सावरून पुढं गेली.

व्यंकटराव मात्र तिथं नव्हते. डोळे मिटले तेव्हाच त्यांचं चाक उजवीकडं घसरलं होतं आणि ते सायकलसकट उतारावरून तुरीत जाऊन पडले होते.

ट्रॅक्टर पुढं रुंद जागेला जाऊन थांबला. चालवणारा मारोती धावत आला. त्यानं आणि ट्रॉलीतल्या पोरांनी व्यंकटरावांना वर काढलं. कोपर सोललं होतं, पायजमा फाटला होता, बाकी धड होते. आता उलटं नांदेडला पोचवायचं बघतो, दोन्ही सायकली ट्रॉलीत घालू, असं मारोती म्हणाला. व्यंकटरावांनी लगेच मान डोलावली.

"ठरलं होतं आपलं," ते बायकोला म्हणाले. "सायकल बंद."

गोदावरीबाई कट्ट्यावर बसून त्यांच्या डोक्यातला तुरीचा पाला काढत होत्या.

"ठरलं होतं, मी पडले तर," त्या म्हणाल्या. "पडलेत तुम्ही."

ट्रॉलीत बाया तोंडाला पदर लावून हसल्या. खांदा धरणारी म्हातारी वरूनच म्हणाली, "मामा, तुमची सायकल टाका ट्रॉलीत. मावशी येतील की चालवत."

व्यंकटराव हसले नाहीत. ते पाण्याकडं बघत होते. म्हणाले, "कट्टा नसता तर?"

या प्रश्नावर गोदावरीबाईंचाही चेहरा उतरला. त्या उठल्या आणि सायकल हातात धरून माहेरच्या दिशेनं चालू लागल्या. व्यंकटराव दुसरी सायकल धरून मागं. पण येळवशीच्या दिवशी शेतावरून परक्या माणसालाही न जेवता जाऊ देत नाहीत. लगतच असलेल्या मारोतीच्या शेतात त्यांना आंबील प्यावी लागली, पुढच्या शेतात उंडे खावे लागले, आणि प्रत्येक ठिकाणी व्यंकटरावांच्या फाटक्या पायजम्याची हकीकत सांगावी लागली. ती गोदावरीबाई सांगत होत्या. ग्यानोबाच्या शेतात पोचेपर्यंत हकीकत त्यांच्याआधी पोचली होती.

"दाजी," ग्यानोबा म्हणाला, "एसटीचा ड्रायव्हर तुरीत उतरला म्हणे. स्टॉप होता का तिथं?"

जेवणं झाली. बाया कोपीच्या सावलीला आडव्या झाल्या. गोदावरीबाईंनी पिशवीतलं लुगडं काढलंच नव्हतं. सोयाबीन काढलेलं रान समोर सपाट पडलं होतं, वर बारीक भुसा. त्या नवऱ्याजवळ येऊन बसल्या.

"मला उतरायला शिकवा," त्या म्हणाल्या. "इथं पडले तर धरू नका."

व्यंकटरावांनी ग्यानोबाच्या पोरांना लांब पाठवलं. मग फाटक्या पायजम्यानं, दुखऱ्या कोपरानं ते सायकलच्या बाजूनं धावू लागले. दोन्ही ब्रेक एकदम, बूड सीटवरून पुढं, डावा पाय सोड. गोदावरीबाई पडल्या. उठल्या, आणि पुन्हा पडल्या. ग्यानोबा कोपीतून बघत होता. व्यंकटरावांनी अट काढली नाही. भुशातल्या पडण्याला ती लागू नव्हती, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ऊन कललं तसे दोघं परत निघाले. कालव्यावर गर्दी होतीच, आता उलट्या दिशेनं. व्यंकटराव या वेळी पुढं होते. समोरून ट्रॅक्टरची फटफट ऐकू आली तसे ते सायकलवरून उतरून उताराच्या कडेला सरकले आणि मागं बघायचा धीर होईना म्हणून तसेच पाठमोरे उभे राहिले.

मागून मुरमावर चप्पल घासल्याचा आवाज आला. मग ब्रेकची कुरकुर थांबली.

"उतरलेय," गोदावरीबाई म्हणाल्या. "बघा तरी."