शिवणताईंची बॅटरी

त्याच्या सदऱ्याला इतकी भोकं होती, की गल्लीनं त्याचं नाव 'चाळणी' ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. भोकं गरिबीची नव्हती, बॅटरीतल्या तेजाबाची होती. तेव्हा रेडिओ काचेच्या जड बॅटरीवर चालायचा. ती आठवड्याभरात मान टाकायची. मग घरातला कुणीतरी ती जपून चाळणीच्या दुकानात आणायचा आणि दोन दिवसांनी भरून न्यायचा. रेडिओ स्टेशन सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी सहा ते आठ कार्यक्रम असे, आणि गाणारा तिथं गाईल तेव्हाच इथं ऐकू येई. साठवून ठेवायची सोय नव्हती. हुकलं ते गेलं.

दुकानाच्या वरच्या खोलीत शिवणताई राहायच्या. एकटी बाई, जिभेनं तिखट, पण चाळणीचे सदरे त्यांनीच ठिगळं लावून जगवले होते. त्यांच्या लेकीला स्टेशनवर गायला बोलावणं आलं, तेव्हा मायलेकींचं भांडण खालपर्यंत ऐकू आलं होतं. ओळखीच्या चार माणसांत गाणं वेगळं आणि कुणाच्याही घरात गळा पाठवणं वेगळं, असं ताईंचं म्हणणं. लेक पेटी उचलून गेली, ती स्टेशनजवळच खोली घेऊन राहिली.

दोन महिन्यांनी लेकीचं पत्र आलं. गुरुवारी साडेसहा वाजता दोन गाणी. ऐकशील का, एवढंच विचारलं होतं. ताईंनी कुणाला न सांगता एक जुना रेडिओ घेतला आणि बॅटरी पदराखाली झाकून चाळणीकडे आणली. "गल्लीभर बोभाटा करू नका, भाऊ," त्या म्हणाल्या.

चाळणीची एक पद्धत होती. आलेल्या बॅटरीवर खडूनं रेघ मारायची, भरली की पुसायची. त्याला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, पण आजवर या रेघेनं त्याला कधी दगा दिला नव्हता. त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ताईंची बॅटरी बाजूला सरकवताना त्याच्या ओल्या बाहीनं रेघ पुसली गेली, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. गुरुवारी पाच वाजता त्यानं ती वर नेऊन तारा जोडून दिल्या. स्टेशन सहाला सुरू व्हायचं, त्यामुळं रेडिओ गप्प होता यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी ताई बॅटरी घेऊन खाली आल्या. "मुकाच राहिला हो," त्या म्हणाल्या, "आठपर्यंत कान लावून बसले."

चाळणीनं तेजाबाची ताकद मोजायची काचेची नळी बॅटरीत बुडवली. आतला तरंगणारा काटा थेट तळाला गेला. एका रात्रीत बॅटरी एवढी उतरत नाही, म्हणजे ती भरलीच नव्हती. रेघ आपल्याच ओल्या बाहीनं पुसली गेली असणार, हे त्याला कळलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. तो म्हणाला, "तुमच्या रेडिओतच खोट असणार, ताई. जुना माल."

ताईंनी ते खरं मानलं. रविवारी लेक येऊन गेली. ऐकलं, दोन्ही गाणी छान झाली, असं आपण तिला सांगितलं, हे ताईंनीच त्याला मागाहून सांगितलं. उगाच पोरीचं मन कशाला मोडायचं? चाळणीनं मान हलवली आणि खरं काय ते सांगितलं नाही. लेक पुढं क्वचितच आली, आली तरी जिन्यावरून पाहुण्यासारखी उतरून जायची.

तीन वर्षांनी ताई गेल्या. खोली रिकामी करायला लेक आली आणि तो रेडिओ घेऊन दुकानात उतरली. विकत घ्याल का, म्हणाली. आईनं तो कधी लावलाच नाही.

"असं का म्हणतेस?" चाळणीनं विचारलं.

"दुसऱ्या गाण्यात माझा आवाज फुटला, काका. अर्ध्यात थांबले मी. आणि आई म्हणाली, दोन्ही छान झाली. तिला ऐकायचंच नव्हतं."

हो म्हणून रेडिओ ठेवून घेतला असता तर कुणाला काही कळलं नसतं. चाळणीला ती मोकळी वाट स्पष्ट दिसत होती. त्यानं हात पुसले, दुकानाची फळी लावून घेतली आणि रेघेपासून सगळं सांगितलं. जुना माल म्हणालो, तेही सांगितलं.

तिनं रेडिओ खाली ठेवला. मग म्हणाली, "तीन वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही, काका."

त्याला माफी मागायची होती, पण ती मागण्याचीही लाज वाटली. ती शिव्या देईल, निदान उठून जाईल, अशी वाट बघत तो उभा राहिला. ती स्टुलावर बसली.

"मुक्या रेडिओपुढं आई आठपर्यंत बसली होती?"

"हो."

"तुम्ही तारा जोडल्या तेव्हा काय करत होती?"

"शिवणाचं मशीन बंद केलं होतं. खुर्ची रेडिओजवळ ओढून घेतली होती. मला म्हणाल्या, जाताना दार लावून घ्या, बाहेरचा आवाज नको."

लेकीनं डोळे पुसले. "परत सांगा," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून सांगा."