अप्पांनी जुळवलेला आवाज

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमचं सगळं घर टँकरच्या तालावर चालायचं. टँकर नेमका संध्याकाळी, मालिकांच्या वेळेला यायचा. म्हणून माझ्या सासूबाई शांतम्मा टीव्हीच्या सेट-टॉप डब्यावर मालिका रेकॉर्ड करायला शिकल्या. अक्षरओळख बेताची, पण ती बटणं त्यांना बरोबर कळली. सासऱ्यांसाठी बातम्याही त्याच रेकॉर्ड करून ठेवायच्या. सासरे मूळचे उदगीरचे, आणि उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी तेव्हा रोज बोलवा उठायची.

सासरे म्हणजे गुरुपादप्पा, आम्हां सगळ्यांचे अप्पा. बाजारात त्यांची तुरीची आडत, शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून द्यायची. त्याआधी सगळी जवानी डाळमिलमध्ये गेली. तिथल्या घरघरीने हळूहळू त्यांचे कान गेले, आणि तिथेच ते ओठांवरून बोलणं वाचायला शिकले. मिलमध्ये सगळे तसंच बोलतात. घरात हे फक्त मला ठाऊक होतं. पाठीमागून चहा घ्या म्हटलं की उत्तर येत नसे, समोर जाऊन म्हटलं की येई. सासूबाई म्हणत, "लई तोऱ्याचा माणूस हाय." बिचाऱ्या तोरा समजूनच भांडत राहिल्या.

मी कुणाला सांगितलं नाही, कारण माझे यजमान मल्लिकार्जुन कधीपासून आडतीच्या गादीवर डोळा ठेवून होते. सौद्यात भाव पुकारलेला ज्याला ऐकू येत नाही, त्याला गादीवर कोण बसू देणार? आणि गादी गेली की अप्पा घरात कोंडले जाणार. तेही आमच्या घरात, जिथे त्या उन्हाळ्यात खिडकीबाहेर रिकाम्या घागरींच्या रांगेखेरीज बघायला काही नव्हतं. बाजारात ते बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलू देत नसत. लोकांना वाटे, काय लक्ष देऊन ऐकतो माणूस. पण समोरच्याने मान वळवली की संपलं.

मग डब्याला खोड लागली. चालू कार्यक्रम ठीक, पण रेकॉर्ड केलेलं लावलं की आवाज आधी आणि ओठ मागून. मालिकेतली सासू बोलून मोकळी होई, मग तिचं तोंड उघडे. सासूबाई वैतागल्या. अप्पा आपले मजेत बघत बसत. त्यांना कुठला आवाज!

बाजारातल्या दुकानांचे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बसवंतला बोलावलं. त्याने डबा बंद करून चालू केला, जुन्या मालिका पुसून जागा केली. फरक पडेना. मग म्हणाला, आवाज टीव्हीला जोडलेल्या स्पीकरमधून येतो, तर तिथेच त्याला थोडा मागे ओढू. स्पीकरचं ते बटण टीव्हीच्या मागे, आणि तिथून पडदा दिसत नाही, म्हणून समोर बसून कुणीतरी जुळलं का ते सांगायला हवं. तेवढ्यात टँकर आला. आम्ही सगळे घागरी घेऊन पळालो. टीव्हीसमोर राहिले अप्पा.

परत आलो तर बसवंत निघून गेलेला. टँकर पुढे त्याच्याच गल्लीत जाणार होता. सासूबाईंनी मालिका लावली. आता ओठ हलून थांबत आणि कितीतरी वेळाने आवाज येई. पहिलं बरं होतं म्हणायची पाळी आली.

यजमानांनी तिथूनच बसवंतला फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. बसवंत कळवळून सांगत होता की टीव्हीमागून मान वर काढून विचारलं तेव्हा अप्पांनी आधी अजून बाकी आहे म्हटलं, मग अजून जरासं, मग आता जुळलं.

"माझ्या बापावर ढकलायलास?" यजमान म्हणाले. "उद्यापासून बाजारात एक दुकान तुला उभं करणार न्हाई."

अप्पा मुलाच्या तोंडाकडे बघत होते. फोनमधलं बोलणं त्यांना कळणं शक्य नव्हतं, पण मुलाचं अक्षर न् अक्षर त्यांनी वाचलं. मी भरली घागर काखेत घेऊन तशीच उभी. अप्पा, गप्प राहा, असं मनातल्या मनात विनवत होते. बसवंत तरुण आहे, त्याला दुसरी गिऱ्हाइकं मिळतील.

"फोन ठिव," अप्पा म्हणाले. "त्याची चूक न्हाई. मला ऐकूच येत न्हाई. कधीचंच येत न्हाई."

सासूबाईंनी रिमोट खाली ठेवला. यजमानांनी फोन ठेवला. मग भिंतीकडे तोंड फिरवलं आणि बोलले. अप्पांना त्यांचे ओठ दिसेनात.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनला?"

खोटं सांगता आलं असतं. पण मग सकाळी ते टोपी घालून निघाले असते आणि दारातच अडवले गेले असते. मी घागर खाली ठेवली, त्यांच्यासमोर गेले आणि ओठ नीट हलवत सांगितलं, "उद्यापासून गादीवर हे बसणार म्हणतात."

ओठ एकदा हलले की ज्यांना पुरे, त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.